कृती लिहिताना एका वाक्यात एकच काम

यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणं हे माझं रोजचं काम. कृती लिहायची असेल तर आधी ते काम कुणी करत असताना मी शेजारी उभी राहून बघते. ज्याला काम येतं त्याला नुसतं विचारलं, तर तो निम्म्या गोष्टी सांगतच नाही. त्या त्याच्या हातात इतक्या मुरलेल्या असतात की सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नाही.

मोटारीचं चाक बदलणं घ्या. 'नट सैल करून, जॅक लावून, गाडी उचलून चाक काढावे' अशी वाक्यं सर्रास दिसतात. एका दमात चार कामं, आणि नट किती सैल करायचे याचा पत्ता नाही. मी ते तोडून लिहिते:

गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करा. हँडब्रेक ओढा. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. जॅकवर चढवलेल्या गाडीखाली शिरू नका. आता जॅक लावा. चाक जमिनीपासून सुटेपर्यंत गाडी उचला. आणखी थोडी उचला, कारण स्टेपनीत हवा भरलेली असते आणि तिला जास्त जागा लागते.

यात धोक्याची सूचना जॅकच्या आधी आली आहे, आणि ती तिथेच हवी. वाचणारा एक ओळ वाचतो आणि लगेच करतो. शेवटी 'टीप' म्हणून दिलेली सूचना वाचेपर्यंत तो गाडीखाली गेलेला असेल. 'सुटेपर्यंत' हा शब्दही मुद्दाम आहे. 'नीट', 'पुरेसं', 'व्यवस्थित' यांतून काम कुठे थांबवायचं ते कळत नाही, डोळ्यांना दिसणारी खूण दिली की कळतं. आणि नट आधी सैल का करायचे? चाक हवेत असताना पान्याला जोर लावला तर चाकच फिरतं, शिवाय गाडी जॅकवरून घसरू शकते. एवढं एक वाक्य दिलं की क्रम लक्षात राहतो.

एखादी गोष्ट कशी चालते हे सांगणं मात्र वेगळं. तिथे वाचकाला काही करायचं नसतं, त्यामुळे धरायला एक धागा लागतो. फ्रिज समजावताना मी उष्णतेचा माग काढते आणि सुरुवात वाचकाला माहीत असलेल्या गोष्टीपासून करते: फ्रिज चालू असताना बाहेरून कुठेतरी गरम लागतो. ती उष्णता बरीचशी आतली असते. आतल्या नळ्यांत शीतक, म्हणजे थंडीतही उकळणारा द्रव, उकळून वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या हवेतून घेतो. काँप्रेसर तो वायू दाबतो, म्हणून तो बाहेरच्या हवेपेक्षा गरम होतो. बाहेरच्या नळ्यांत तो उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो. पुढे बारीक नळीतून जाताना त्याचा दाब उतरतो, तो गार होतो आणि परत आत येतो. इथे 'दाब वाढवला जातो' असं लिहिलं की काँप्रेसर वाक्यातून गायब! कोण काय करतं, ते नाव घेऊन लिहा.

लिहून झालं की ते काम कधीच न केलेल्या माणसाच्या हातात कागद द्या आणि स्वतः गप्प राहा. 'नट कुठल्या बाजूला फिरवू?' असं त्याने विचारलं, तर उत्तर तोंडी देऊ नका. 'घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने' हे शब्द कागदावर घाला आणि पुढच्या माणसाला बोलवा.