फेरमोजणी मागताना: मतमोजणी प्रतिनिधीने काय करावे

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत सांगोल्याचा निकाल अवघ्या ७६८ मतांनी लागला. इतक्या निसटत्या निकालानंतर फेरमोजणीची मागणी होणे स्वाभाविक आहे. मात्र ‘फरक कमी आहे’ एवढे कारण त्यासाठी पुरत नाही.

तयारी मतदानाच्या संध्याकाळीच करावी. केंद्राध्यक्षांकडून प्रत्येक केंद्राच्या ‘सतरा सी’ नमुन्याची, म्हणजे त्या केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घ्यावी आणि मोजणीच्या दिवशी, मतमोजणीचे केंद्र सोलापुरातील रामवाडीच्या गोदामात असो वा तालुक्याच्या गावी, टेबलावर आलेल्या कंट्रोल युनिटचा (मतदान यंत्राच्या मते साठवणाऱ्या भागाचा) क्रमांक, सील आणि एकूण मते त्या प्रतीशी ताडून पाहावीत. तफावत दिसल्यास त्याच फेरीत लेखी हरकत द्यावी.

यंत्राचे बटण पुन्हा दाबले तरी आकडा तोच येतो, हे बरेच कार्यकर्ते विसरतात. चूक शिरते ती माणसाचा हात लागतो तिथे: आकडे तक्त्यात उतरवताना किंवा टपाली मतपत्रिका बाद ठरवताना. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर त्या मतांची फेरतपासणी करावीच लागते. २०२४ मध्ये ४८ मतांनी निकाल लागलेल्या मुंबई वायव्य मतदारसंघात ती झाली.

व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेले मत कागदावर छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ केंद्रांच्या, सोडतीने निवडून, मोजल्या जातात. इतर केंद्रांच्या हव्या असल्यास निवडणूक संचालन नियमांतील नियम ५६-डी खाली अर्ज करावा लागतो, आणि यंत्राचा आकडा व चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरतात. हाताने मोजताना थकव्याने चिठ्ठी भलत्याच गठ्ठ्यात जाऊ शकते. म्हणून गठ्ठा बांधण्यापूर्वी प्रत्येक चिठ्ठी पाहण्याचा आग्रह धरावा. त्यात संकोच कसला?

नियम ६३ खालील फेरमोजणीच्या अर्जाची वेळ मात्र फार थोडी असते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी एकूण मते जाहीर केल्यापासून ‘नमुना २०’ या अंतिम निकालपत्रकावर त्यांची सही होईपर्यंतच तो देता येतो, त्यामुळे मसुदा आधीच खिशात असावा. त्यात केंद्र क्रमांक, फेरी आणि नेमकी तफावत लिहावी. सरसकट सगळ्या मतांची मागणी अवाजवी ठरवून फेटाळली जाण्याचा संभव अधिक, तर मोजक्या केंद्रांपुरती अंशतः फेरमोजणी पदरात पडू शकते. अर्ज नाकारल्यास कारणे लेखी देणे अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. ती प्रत हाती आल्याशिवाय सभागृह सोडू नये, कारण निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायची झाल्यास तिच्यासोबत हीच प्रत, ‘सतरा सी’ आणि हरकतीची पोच जोडावी लागेल.