व्यवसायाच्या व्हिडिओत विश्वास घालवणारी देहबोली: या चुका टाळा

समोर गिऱ्हाईक असताना मोकळेपणाने बोलणारा दुकानदार मोबाइलसमोर उभा राहिला की अवघडतो. बघणाऱ्याला वाटतं, हा काहीतरी लपवतोय. दोष बहुतेक वेळा स्वभावाचा नसतो. मोबाइल कुठे ठेवलाय आणि पाठांतर किती केलंय, तिथे तो असतो. म्हणून ‘आत्मविश्वास वाढवा’ या सल्ल्याच्या मागे लागण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

नजर लेन्सवर नसणं

सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. सेल्फी कॅमेऱ्याने शूट करताना आपण नकळत स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा बघत राहतो. मोबाइल आडवा असेल तर लेन्स एका बाजूला जाते आणि नजर मधोमध राहते. ५० सेंटिमीटरवरून लेन्स आणि नजर यांत ७ सेंटिमीटरचं अंतर असेल, तर नजर सुमारे ८ अंशांनी चुकते आणि ते लगेच कळतं. मोबाइल दीड मीटरवर नेला, की हाच फरक ३ अंशांच्या आत येतो.

म्हणून मागचा कॅमेरा वापरा, म्हणजे स्वतःकडे बघायचा मोहच उरत नाही. ट्रायपॉडवर लेन्स डोळ्यांच्या उंचीला आणा. आधी कुणाला तरी तुमच्या जागी उभं करून फ्रेम जुळवा आणि पायांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी लावा. इतक्या अंतरावरून मोबाइलचा माइक खोलीचा घुमारा पकडतो, तेव्हा कॉलर माइक लागेलच. चष्मा असेल तर रिंग लाइट थोडा वर आणि बाजूला सरकवा. काचेवर पांढरी गोल कडी चमकली की डोळे दिसतच नाहीत.

टेलिप्रॉम्प्टरवरून, म्हणजे लेन्सजवळ सरकता मजकूर दाखवणाऱ्या स्क्रीनवरून वाचताना बुबुळं डावीकडून उजवीकडे सरकतात. एका ओळीत तीन-चारच शब्द ठेवा, अक्षर मोठं करा आणि मजकूर लेन्सला अगदी चिकटून येऊ द्या. त्याहून चांगलं म्हणजे फक्त मुद्दे लिहा आणि एकेक मुद्दा वेगळा शूट करा.

हात गायब किंवा अंगावर येणारे

फ्रेम छातीवर कापली तर हात मधूनच खालून उगवतात. कमरेपर्यंत फ्रेम घ्या आणि हात पोट ते छाती या पट्ट्यात ठेवा. रीलची ९:१६ फ्रेम अरुंद असते, त्यामुळे कोपर अंगाजवळच हवेत. ०.५ एक्सची वाइड लेन्स टाळा. पुढे आलेला पंजा तिच्यात चेहऱ्याएवढा दिसतो. लेन्सकडे बोट रोखण्यापेक्षा उघडा तळवा दाखवा. एडिटिंगमध्ये वाक्य कापायचं असेल, तर हात खाली स्थिरावल्यावर कापा. नाहीतर वर असलेला हात पुढच्या क्षणी खाली दिसतो आणि बोलणं जोडून घेतल्यासारखं वाटतं.

किंमत सांगताना डोळे चुकवणं

पैठणीचा व्हिडिओ घ्या. विक्रेता पदर उलगडतो आणि पदराकडेच बघत किंमत, धुण्याची सूचना, बदलून देण्याची अट सगळं सांगून टाकतो. आपण जिकडे बघतो तिकडे बघणाऱ्याची नजर जाते, त्यामुळे विणकाम दाखवताना पदराकडे बघणं योग्यच आहे. पण किंमत आणि अट सांगणं म्हणजे गिऱ्हाइकाला शब्द देणंच असतं. तिथे हात थांबवा, लेन्सकडे बघा, आकडा सांगा आणि एक सेकंद नजर तशीच ठेवा. आकडा आठवावा लागला की डोळे वर किंवा बाजूला जातात, म्हणून किंमत आणि मुदत तोंडपाठ हवी. ‘नाही’ म्हणतानाही हेच. ‘हा रंग जात नाही’ म्हणताना मान होकारार्थी हलली, तर शब्दांवरचा विश्वास कमी होतो.

सुरुवातीचं हसू आणि फिरती खुर्ची

रेकॉर्डचं बटण दाबल्यावर आणलेलं हसू ओठांपुरतंच राहतं. डोळ्यांभोवतीचे स्नायू हलत नाहीत. बटण दाबून तीन सेकंद थांबा, समोर कुणी ओळखीचं उभं करा, त्यांना नमस्कार करा आणि मग बोला. आधीचा भाग कापून टाका. खुर्ची बिनचाकी, न फिरणारी घ्या.

‘५५ टक्के देहबोली’ हे गणित

संवादाचा ५५ टक्के भाग देहबोलीचाच असतो, असं सर्रास सांगितलं जातं. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. ते प्रयोग भावना आणि आवडनिवड कशी कळते याबद्दलचे होते. सगळ्या संवादाला तो लावणं चूक आहे. माहिती कच्ची असेल तर हातवारे ती तारून नेत नाहीत.

बिघाड शोधायचा कसा

व्हिडिओ आधी आवाज बंद करून बघा: कुठे नजर सुटते, कुठे खांदे आक्रसतात ते दिसेल. मग दुप्पट वेगाने लावा. दर वाक्याला हलणारा तोच हात, सतत डोलणारं अंग या सवयी त्या वेगात लगेच उघड्या पडतात. एका वेळी एकच सवय सुधारा, आणि सुरुवात नजरेपासून करा.