महापालिकेची शाळा चांगली हाय का, कसं बघायचं?

कोल्हापुरात पोराला महापालिकेच्या शाळेत घालायचं म्हटलं की निम्मे लोक नाक मुरडतात, आणि तिकडं जरगनगरच्या महापालिकेच्याच शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात, म्हणजे बोर्डावर कुणाचं नाव हाय यावर काय ठरत नाही. रंगरंगोटी बघून तर अजिबात भुलू नका. शाळा भरलेली असताना जा, तिसरीतल्या मागच्या बाकावरच्या पोराला पुस्तकातलं कुठलंबी पान उघडून वाचायला सांगा, पाठ केलेला धडा नको, आणि मग हातच्याची एक वजाबाकी घाला. पुढं बसणारी हुशार पोरं सगळीकडंच असतात ओ. वह्या चाळा, नुसती लाल टिकमार्क हाय का चूक दुरुस्त करून घेतलीय ते दिसतंय लगेच. कायद्यानं पाचवीपर्यंत साधारण 30 पोरांमागं एक शिक्षक पाहिजे, पण कागदावर किती आणि आज वर्गात किती हे वेगळं विचारा. मुलींच्या बाथरूममध्ये पाणी हाय का ते बघाच. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, त्यातल्या एखाद्याला गेटवर गाठा, हेडमास्तरांपेक्षा तो खरं बोलंल.