गोठ्यात पडून राहिलेली राजदूत किंवा येझदी: घ्यावी कशी, चालू करावी कशी

विदर्भातल्या खेड्यांत कुटाराच्या खोलीत किंवा गोठ्याच्या आडोशाला उभी केलेली जुनी राजदूत किंवा येझदी मोटारसायकल आजही सापडते, आणि विकणारा बहुधा "कार्बोरेटर साफ केला की लगेच चालू होते" असे सांगतो. तसे असते तर ती त्यानेच चालवली असती; म्हणून भावाची बोलणी करण्याआधी आरसी पुस्तक मागावे आणि त्यावरील चेसिस व इंजिन क्रमांक, वंगणाचा थर रॉकेलच्या फडक्याने पुसून, गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. क्रमांक खरवडलेला दिसला तर गाडी कितीही देखणी असो, सोडून द्यावी.

हस्तांतरणासाठी आरटीओचे नमुना (फॉर्म) 29 आणि 30 लागतात. मूळ मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावे नमुना 31 द्वारे नोंद व्हावी लागते, आणि वारसांत एकमत नसेल तर पैसे देऊ नयेत. 15 वर्षांनंतर नोंदणीचे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागत असल्याने थकलेला दंड आणि पर्यावरण कर किती होतो, हे आरटीओत विचारून ती रक्कम किमतीत धरावी. 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातील गाडीसाठी 2021 पासून विंटेज नोंदणीची सोय आहे. परंतु तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, त्यामुळे शेतावर किंवा बाजाराला जायचे असेल त्याने त्या वाटेला जाऊ नये.

गाडी घरी आणल्यावर पहिला मोह किक मारण्याचा होतो, तोच टाळावा. गंजलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन जबरदस्तीने सरकवला की रिंगा मोडतात आणि भिंतीवर चरे पडतात. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण थोडे ओतावे, रात्रभर मुरू द्यावे, मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवावे. दोन-तीन दिवसांतही पिस्टन हलला नाही तर सिलिंडरचे हेड (वरचे झाकण) उघडणेच बरे. याच वेळी सायलेन्सरच्या तोंडात बॅटरी मारून पाहावी, कारण कुंभारीण माशीने आत मातीची घरे केलेली असतात. उंदरांनी वायरिंग कुरतडले असेल तर जोडाजोडीपेक्षा नवीन हार्नेस (वायरींचा तयार संच) स्वस्त पडते.

या गाड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचे) ऑइल सील. वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर रबर कडक होऊन फटी पडतात: गिअरबॉक्सच्या बाजूचा सील गेला तर तेथील ऑइल इंजिनात ओढले जाऊन सायलेन्सर पांढरा धूर सोडत राहतो, आणि मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचा गेला तर जादा हवा आत शिरून हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो व गाडी ऐन रस्त्यात जाम होते. इंजिन चालू झाले म्हणून सील चांगले, असे समजू नये. ते बदलूनच टाकावेत.

टाकीतील गंज काढण्यासाठी पेट्रोलचा शेवटचा अंश काढून टाकावा, मूठभर नटबोल्ट टाकून टाकी खळखळून हलवावी, सायट्रिक आम्लाचे पाणी दिवसभर ठेवावे, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी. मे महिन्यातले आपल्याकडचे ऊन या कामाला उत्तम. पण वाळल्यावर आतून लगेच ऑइलचा हात फिरवावा, नाहीतर पुन्हा गंज चढतो. टायर, ट्यूब, ब्रेकच्या केबली आणि लायनिंग सुटलेले शू बदलावेत. रंगकाम शेवटी ठेवावे. आणि मूळ रंग बरा असेल तर त्याला हात न लावणेच मला योग्य वाटते.

पेट्रोलमध्ये प्रतिलिटर साधारण 40 मिलिलिटर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल मिसळून पहिल्या फेऱ्या सावकाश, चढ टाळून माराव्यात. थोडे अंतर गेल्यावर इंजिन थंड होऊ द्यावे आणि प्लग काढून पाहावा: टोक फिकट तपकिरी असेल तर हवा-पेट्रोलचे मिश्रण जमले, पांढरटसर असेल तर कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोक) आणि सील पुन्हा तपासावेत, काळेभोर व ओले असेल तर मिश्रण दाट, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त आहे असे समजावे.