गायिका नवी, पट्टी नवी: जानेवारीच्या कार्यक्रमाची तयारी

कामांची यादी मी करायची हे न बोलताच ठरलं. बास गिटार वाजवणाऱ्याकडे स्टेजवर कुणी बघत नाही, म्हणून त्याचं बाकी सगळ्यांकडे लक्ष असतं, हे आमच्या ड्रमरचं जुनं मत. बँड १९९३ साली कॉलेजात जमला आणि १९९९ साली कुणाच्या नोकरीमुळे, कुणाच्या लग्नामुळे आणि थोडा आपसातल्या भांडणामुळे मोडला. आता जानेवारीतल्या एका शनिवारी पुन्हा उभं राहायचंय. वाजवणारे चौघे तेच, गायिका मात्र नवी. कीबोर्डवाल्याची पुतणी, वय पंचवीस, डोंबिवलीची, आठ वर्षं शास्त्रीय शिकलेली. जुना गायक पुण्याला असतो, गाणं सोडून त्याला बरीच वर्षं झाली. तो येणार आहे, पण ऐकायला. त्याच्याबद्दल शेवटी.

आधी पट्टी, म्हणजे गाणं कुठल्या सुरावरून घ्यायचं ते. हॉल, तारीख, पोस्टर यांच्याही आधी. पहिल्या तालमीला आम्ही तिला जुन्या पट्टीतच गायला लावलं, कारण आमचे हात आपोआप त्याच जागी जातात. वरच्या ओळी ती मजेत घेत होती, खालच्या ऐकूच येत नव्हत्या. जुना गायक पांढरी दोनचा, हिची काळी चार. गिटारवाला ‘डी’ आणि ‘जी शार्प’ म्हणतो, ती पेटीच्या भाषेत बोलते, त्यामुळे पहिला अर्धा तास नुसता दुभाष्यासारखा गेला. म्हणून पहिलं काम हे, की प्रत्येक गाण्यापुढे पट्टीची दोन्ही नावं लिहायची. पांढरी तीन म्हणजे ई, काळी तीन म्हणजे एफ शार्प, पांढरी सहा म्हणजे ए. कागद जॅम रूमच्या, म्हणजे तालमीच्या खोलीच्या, भिंतीवर चिकटवायचा आणि निघताना आठवणीने काढून आणायचा.

गळ्याला पट्टी बदलायला मिनिट लागतं, गिटारला तेवढं सोपं नाही. ईमधले रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धुना, मोकळ्या जाड तारेवर उभे असतात. तेच जी शार्पमध्ये नेले की मोकळी तार मिळत नाही आणि गाणं हलकं होतं. कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवरचा चिमटा, लावला तर पट्टी चढते, पण घुमारा जातो. खाली यायचं असेल तर सगळ्या तारा अर्धा सूर उतरवायच्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही, जिमी हेंड्रिक्सने ते केलं, गन्स अँड रोझेसनेही केलं. फक्त तारा सैल पडतात, म्हणून नऊ नंबरच्या सेटऐवजी जाड तारांचा दहाचा घालायचा आणि गिटार कारागिराकडून नीट बसवून घ्यायची, कार्यक्रमाच्या आठवड्यात नव्हे, आत्ता. दोन गाण्यांत आम्ही रिफ जिथे होता तिथेच ठेवला आणि तिला चाल वरच्या सप्तकात दिली. एक गाणं मात्र कुठल्याच पट्टीत बसेना. ते काढलं. गिटारवाला दोन दिवस बोलला नाही. त्याचं एकल वादन होतं त्यात.

मग आमची स्वतःची तीन मराठी गाणी. हा प्रश्न इंग्रजी गाण्यांत येतच नाही. सगळी क्रियापदं पुरुषाची: ‘उभा होतो’, ‘निघालो’, ‘विसरलो’. मी भाबडेपणाने सगळीकडे ‘होते’, ‘निघाले’ करून वही तिच्या हातात दिली. यमक जुळत होतं, पण जिथे आवाज ताणायचा तिथे ‘ओ’ची मोकळी जागा जाऊन ‘ए’ आला आणि तान चिमटल्यासारखी झाली. तिनेच सांगितलं, “काका, अभंग गाताना कुठे आपण बदलतो? गाण्यातला माणूस बोलतोय, मी नाही.” वही जशी होती तशी परत. (या ‘काका’चंही काहीतरी करायला हवं. ती हाक मारते तेव्हा चार डोकी एकदम वळतात. स्टेजवर तरी नावाने हाक मार, असं सांगितलंय. जमेल असं वाटत नाही.)

पोस्टरवर नाव कसं छापायचं यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. क्वीन या ब्रिटिश बँडने हे चांगलं सोडवलंय. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी १९९१ साली गेल्यावर त्यांनी त्याच्या जागी कुणाला बसवलंच नाही. आधी पॉल रॉजर्स आणि मग अ‍ॅडम लॅम्बर्ट, दोघांचीही नावं अधिक चिन्ह देऊन बँडच्या शेजारी लावली. फ्रेडी शिकला आपल्या पाचगणीत, तेव्हा हा धडा घरचाच समजायला हरकत नाही. उलट जर्नी या अमेरिकन बँडने २००७ साली मनिलाच्या आर्नेल पिनेडा या गायकाला व्हिडिओ पाहून शोधलं, कारण त्यांना जुन्या आवाजाच्या शक्य तितकं जवळ जायचं होतं. जुडास प्रीस्ट या बँडने तर स्वतःचीच गाणी वाजवणाऱ्या बँडमधला गायक उचलला. आमच्यात दोघांना तो रस्ता पटत होता, मला नाही. एसी/डीसी बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८०मध्ये गेला, जुलैत ब्रायन जॉन्सनच्या आवाजात नवी रेकॉर्ड बाजारात होती, आणि तो आवाज बॉनची नक्कल नव्हता. पाच महिन्यांत! आपल्या हातातही तेवढेच आहेत. त्यामुळे तिला जुन्या कॅसेट ऐकायला द्यायच्या नाहीत, हे यादीत लाल शाईने. चाली ती कीबोर्डवरून उचलेल. पोस्टरवर तिचं नाव बँडच्या नावाएवढ्याच अक्षरात.

हॉल. रंगभवनची आठवण काढायची नाही. आमच्या पिढीने धोबीतलावला तिथेच रॉक पाहिला, १९८६मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव तिथेच गाजला, आणि शांतता क्षेत्राच्या नियमाने ते खुलं नाट्यगृह गप्प झालं. आता उघड्यावर करायचं तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा, आणि आमच्या ड्रमरचा नुसता स्नेअर ड्रम त्याच्या कितीतरी वर जातो. बंद सभागृहात तो दहाचा नियम लागत नाही, म्हणून नाट्यगृह. पण तिथे वेळ सत्रावर मिळते. आधीच्या नाटकाचा सेट निघून आमचे ड्रम लागेपर्यंत किती वेळ हातात राहतो, हे मॅनेजरला तोंडी नव्हे, लेखी विचारायचं. पोलिसांच्या परवानगीचा अर्ज महिनाभर आधी. दुसऱ्यांची गाणी लोकांसमोर वाजवायची तर गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेचं लायसन्स, आणि मध्यंतरात रेकॉर्ड लावायची असेल तर रेकॉर्डच्या हक्कांचं वेगळं. मध्यंतरात काही लावायचं नाही, असं ठरवून मी ते काम कमी केलं.

नाट्यगृहातली ध्वनिव्यवस्था संवादासाठी असते, बासला तिथे आवाजच नसतो. साउंड सिस्टीम बाहेरून आणायची, आणि साउंडवाल्याला आधी कागद पाठवायचा: कोण कुठे उभं, किती माइक, कुणाला किती मॉनिटर, म्हणजे स्टेजवरच्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर. तिचा मॉनिटर सर्वात आधी लावायचा. पूर्वी गिटारवाला मॉनिटर मागायचा आणि गायक ओरडायचा. ते दिवस गेले.

इथे जरा थांबतो, कारण पुढची गोष्ट अंगाशी आलेली आहे. १९९६ साली एका कॉलेजच्या कार्यक्रमात माइक जनरेटरवर आणि गिटारचे अ‍ॅम्प हॉलच्या लाइनवर होते. गायकाने हात गिटारच्या तारेवर ठेवून ओठ माइकला लावले आणि तो तीन फूट मागे फेकला गेला. प्रेक्षकांना वाटलं, स्टाइल आहे, टाळ्या पडल्या. तर या वेळी सगळं एकाच लाइनवरून घ्यायचं. साउंडचेकला मल्टिमीटरने गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यामध्ये व्होल्टेज बघायचं, प्रत्येक माइकला, कारण दोन गाण्यांत ती स्वतःही गिटार घेणार आहे. स्पीकरमधून ‘हम्म’ असा आवाज येतो म्हणून कुणी प्लगची अर्थिंगची पिन काढत असेल तर त्याला चहाला बाहेर पाठवायचं. त्यासाठी वाद्य साउंड सिस्टीमला जोडणाऱ्या डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. मल्टिमीटर माझ्याकडे आहे, सेल नवे घालायचे.

कान. आता पन्नाशी उलटली, हे मान्य करायचं. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण दर तीन डेसिबलला ती मुदत अर्धी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. अंधेरीतल्या त्या जॅम रूमच्या एवढ्याशा खोलीत आम्ही तीन तास बसतो. ब्रायन जॉन्सनला २०१६मध्ये कानांमुळेच दौरा सोडावा लागला आणि उरलेले कार्यक्रम गन्स अँड रोझेसच्या अ‍ॅक्सल रोझने गायले. इअरप्लग पाच जोड, पंचवीस वर्षांच्या मुलीसाठी सुद्धा. तिने आधी नाक मुरडलं, मग स्वतःच मागून घेतले.

गाण्यांचा क्रम तिने लावायचा, आम्ही फक्त वाद घालायचा. दोन उंच गाणी लागोपाठ नकोत, मध्ये एक वाद्यांचं, म्हणजे पाणी प्यायला वेळ. पहिलं गाणं असं, ज्यात जुन्या आवाजाची तुलना होणार नाही. लोकांना सर्वात आवडायचं ते चौथं. कार्यक्रमाआधी वडापाव तिच्या समोर खायचा नाही. हे अमानुष आहे, पण तिने तसं सांगितलंय.

शेवटच्या आठवड्यातली कामं भराभर: तारा दोन दिवस आधी बदलायच्या म्हणजे ताणून बसतात, नऊ व्होल्टचे सेल डझनभर, काड्यांच्या तीन जोड्या, गॅफर टेप, ड्रमची किल्ली, शब्दांचे कागद मोठ्या अक्षरात. मोठ्या अक्षरांची गरज आम्हालाच. रविवारी रंगीत तालीम ठेवायची नाही, कारण मेगाब्लॉकमध्ये ती डोंबिवलीहून येणार कशी? बासची केस घेऊन संध्याकाळी साडेसहाच्या लोकलमध्ये चढायचं वय माझंही राहिलं नाही. ड्रम टेम्पोने, बाकी टॅक्सीने, आणि परतीला तिची गाडी चुकली तर कोण सोडणार हे आधीच ठरवायचं. तिच्या काकाने नाव लिहून दिलंय, खाली सही पण केलीय.

आता जुना गायक. हॉलमध्ये ओळखीचे लोक असणार, तिसऱ्या गाण्यापर्यंत त्याच्या नावाने ओरडा सुरू होणार. “एक तरी गाणं होऊन जाऊ दे” असं म्हणत माइक त्याच्याकडे द्यायचा मोह आम्हा चौघांनाही होणार. त्यासाठी त्या बाजूला जास्तीचा माइक ठेवायचाच नाही, हे साउंडवाल्याच्या कागदावर लिहिलंय. हे त्याला कसं सांगावं म्हणून मी तीन दिवस फोन टाळला. शेवटी केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “शेवटचं गाणं कुठल्या पट्टीत घेताय?” मी म्हटलं, काळी चार. “मग बरंय,” तो म्हणाला, “मला बोलावलंत तरी यायची सोय नाही.”

त्याची खुर्ची पहिल्या रांगेत नको, गायिका सारखी त्याच्याकडेच बघत राहील. पाचवी रांग, वाटेच्या कडेची. त्याचा गुडघा दुखतो.