स्पॉट देताना या चुका टाळा: हात कधी लावायचा आणि किती

लातूर घ्या, परभणी घ्या नाहीतर नांदेड. संध्याकाळी सातच्या गर्दीत कुठल्याही जिममध्ये बेंचजवळ पाच मिनिटं थांबा, हे दिसणारच. खाली आडवा पडलेला पोरगा ८० किलो मारतोय. डोक्याशी स्पॉट द्यायला, म्हणजे गरज पडली तर वजनाला हात द्यायला, उभा असलेला दोस्त "सब तेरा है भाई, सब तेरा!" म्हणून ओरडतोय आणि ओरडता ओरडता त्याच्याच मानेच्या शिरा टरारल्यात. छाती खालच्याची चाललीय, खांदे वरच्याचे. शेवटी वहीत लिहिलं जातं '८० किलो, ८ रॅप', म्हणजे वजन आठ वेळा खाली-वर. त्यातले निम्मे त्याचे नसतात. पुढच्या आठवड्यात जोडीदार आला नाही की तोच गडी ७० ला अडकतो आणि डाएटला दोष देतो.

स्पॉटरची कामं दोन आहेत. दमलेल्या माणसाचा शेवटचा रॅप पुरा करून द्यायचा, हे एक. अडकलेल्या माणसाच्या अंगावरून वजन काढायचं, हे दुसरं. पहिल्यात मदत कमीत कमी लागते, दुसऱ्यात पूर्ण. लोक करतात नेमकं उलटं: रॅप चालू असताना भरपूर ओढतात आणि खरंच अडकला की "होतंय, होतंय, सोडू नको" करत बघत राहतात.

पहिल्या रॅपपासून रॉडला बोटं लावून ठेवणं

"मी नुसता हात ठेवलाय, ओढत नाही," असं प्रत्येक जण म्हणतो. रॉड जड झाला की ठेवलेला हात आपसूक ओढतो, हे त्याच्या लक्षातही येत नाही. खाली पडलेल्याला तर कळायचा मार्गच नाही. म्हणून तळवे रॉडच्या खाली, दोन-तीन बोटं अंतर सोडून, रॉडबरोबर खाली-वर न्यायचे. लावायचे नाहीत.

मग लावायचे कधी? बेंच प्रेसमध्ये, म्हणजे आडवं पडून रॉड वर ढकलताना, छातीपासून काही इंच वर रॉड मंदावतो. तिथे जवळपास प्रत्येकाचा मंदावतो, कारण कोपराच्या त्या कोनात ताकद सगळ्यात कमी पडते. मंदावणं म्हणजे अडकणं नव्हे. नवीन स्पॉटर इथेच घाबरून ओढतो आणि ज्या दोन सेकंदांसाठी अख्खा सेट (एका दमातले सगळे रॅप) मारला, ती दोन सेकंदं खाऊन टाकतो. रॉड वर सरकत असेल, मग तो कितीही हळू असो, हात लावू नका. तो जागीच थांबला किंवा खाली यायला लागला, तरच लावा.

आणि किती? काळ्या रानात रुतलेल्या बैलगाडीला खांदा लावतात तितका. चाक फिरलं की खांदा काढायचा, गाडी घरापर्यंत ढकलत न्यायची नाही. थांबलेला रॉड पुन्हा सरकायला लागेल एवढाच जोर द्या. तपासायचं असेल तर वेगाकडे बघा: तुम्ही हात लावल्यावरचा रॅप आधीच्या रॅपपेक्षा चपळ गेला, तर मदत जास्त झाली. अवघड टप्पा ओलांडला की हात हळूहळू ढिला करायचा. झटक्यात काढला तर तुम्ही उचललेलं वजन एकदम परत त्याच्यावर येतं.

असा मदतीचा रॅप सेटमध्ये एक, फार तर दोन. तिसऱ्यालाही हात लागत असेल तर रॉड रॅकवर, म्हणजे त्याच्या स्टँडवर, ठेवा आणि पुढच्या सेटला वजन कमी करा. दर सेटला चार-चार ओढून काढलेले रॅप थकवा चढवतात, त्यामानाने हाती फार लागत नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी तर हे ध्यानात ठेवावंच. सकाळी मैदानावर १६०० मीटर आणि गोळा वाट बघत असतो. खांदे आदल्या रात्रीच संपवून गोळा कसला जाणार? वहीतही '६ + २' असं लिहा, मदतीचे वेगळे.

सुटकेच्या वेळी हात आखडणं

इथे कंजुषी नको. सेटच्या आधी एक शब्द ठरवा. 'घे' पुरतो. 'घे' ऐकलं की दोन्ही हातांनी घट्ट पकडून रॉड थेट रॅकवर. त्या वेळी हिंमत द्यायची नाही, "एक और" म्हणायचं नाही. रॉड मानेकडे किंवा तोंडाकडे झुकला, एका बाजूला तिरका झाला, तर शब्दाचीही वाट बघू नका.

खालच्याचीही एक चूक असते आणि ती जास्त धोक्याची: 'घे' म्हटलं की तो हात सोडून मोकळा होतो. डोक्याशी वाकून उभ्या माणसाला ८० किलो एकट्याने ओढणं जमत नाही, भल्याभल्यांना जमत नाही. रॉड हुकात बसेपर्यंत खालच्याने ढकलत राहायचं. वजन फारच जास्त असेल तर दोन्ही टोकांना एकेक जण उभा करा. दोघांनी एकाच क्षणी उचलायचं, नाहीतर एक बाजू वर, एक खाली आणि मनगट मुरगळलं म्हणून समजा.

धरायची जागा चुकणं

बेंचवर डोक्याजवळ, पाय फाकवून, गुडघे जरासे वाकवून, पाठ सरळ ठेवून उभं राहा. रॉड धरताना एक तळवा वर, एक खाली अशी उलटसुलट पकड जास्त पक्की. डंबेल प्रेसला मात्र कोपराखाली हात लावायची खोड मोडा. कोपर ढकललं तरी मनगट दुमडू शकतं आणि डंबेल सरळ तोंडावर येतं. मनगटाजवळ धरा.

स्क्वॉटला मागे उभं राहून त्याच्याबरोबर खाली बसायचं, आणि गरज पडलीच तर काखेखालून छातीला आधार द्यायचा. खांद्यावरचा रॉड ओढला की माणूस मागे कलंडतो. समोर बाई असेल तर हा प्रकार विचारल्याशिवाय करू नये. खरं तर तिथे रॅकच्या सेफ्टी रॉडवर (अडकलेलं वजन झेलणारे आडवे दांडे) भर द्यावा किंवा दोन्ही टोकांना दोन जण उभे करावेत, म्हणजे अंगाला हात लावायचा प्रश्नच येत नाही.

डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून रॉड उचलायच्या व्यायामाला, स्पॉट नसतो. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या डोक्यावर रॉड नेणाऱ्या ऑलिम्पिक प्रकारांना तर नाहीच. तिथे चुकलेला रॉड सोडून बाजूला व्हायचं शिकवतात, मध्ये घुसणारा स्वतःच जखमी होतो.

पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर अजून एक. बेंचवर पंचाच्या 'स्टार्ट' आणि 'रॅक'च्या मध्ये स्पॉटरचं बोट जरी रॉडला लागलं, तरी लिफ्ट बाद. सरावात कायम हात लावून घेणाऱ्याला हे फार महागात पडतं.

सेटच्या आधी न बोलणं

चार प्रश्न, अर्धा मिनिट: किती रॅप मारणार? रॉड काढून द्यायचा का? मदत हवी की फक्त अडकल्यावर घ्यायचा? शब्द कोणता? जिममधल्या अनोळखी दादांना "सर, जरा सपोर्ट द्या ना" म्हणून बोलावलं तर हे आधीच सांगा, नाहीतर ते प्रेमाने पहिल्या रॅपपासूनच ओढतील. रॉड काढून देताना तो खांद्यांच्या वर आला, खालचा "हां" म्हणाला, की मगच सोडायचा.

आपल्याकडच्या जिममधल्या दोन-तीन गोष्टी

ऑलिम्पिक रॉड २० किलोचा असतो, महिलांचा १५ चा. पण बऱ्याच जिममधले रॉड ना हे ना ते, आणि सगळे आपले २० धरून हिशेब करतात. ओळखीच्या अडत्याकडे मोंढ्यात नेऊन एकदा काट्यावर टाका.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तळहात निथळत असतात. अंगठा न गुंडाळता रॉड धरायची फॅशन तेव्हा तरी सोडा. असा रॉड निसटला तर स्पॉटर कितीही चपळ असो, पोचत नाही.

आणि लाइट. सेट चालू असताना गेली तर स्पॉटरने लगेच दोन्ही हात रॉडला लावून "रॅक" म्हणायचं आणि हूक चाचपून रॉड बसवायचा. रॅप मोजायला ती वेळ नाही.

जोडीदारच नसेल तर रॅकमध्ये बेंच लावा आणि सेफ्टी रॉड छातीच्या जरासे खाली बसवा: पाठीला बाक देऊन श्वास भरल्यावर रॉड छातीला टेकला पाहिजे, श्वास सोडून पाठ सपाट केली की तो सेफ्टीवर विसावला पाहिजे. हे आधी रिकाम्या रॉडने करून बघा. सेफ्टीची सोय नसेल तर क्लिप लावू नका, म्हणजे अडकल्यावर एका बाजूला कलून प्लेटा पाडता येतात. दुसरी बाजू मग झटक्याने उसळते, तेव्हा आजूबाजूच्या पोरांना आधीच लांब उभं राहायला सांगा.