एम-वनच्या आधी अकरावीचं पुस्तक काढा

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागतो, कॅप राउंड म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात आणि कॉलेज उघडेपर्यंत मधे थोडे आठवडे मोकळे मिळतात. या दिवसांत मुंबईतली बहुतेक मुलं एम-वनचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या सत्रातल्या गणिताचे, सोडवलेले पेपर गोळा करत फिरतात. करू नका. अकरावीचं गणित, भाग २, एवढंच पुस्तक घ्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट आहे. छापील हवं असेल तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत शोधा.

बारावीचं का नाही? सीईटीत गणिताचे ५० प्रश्न असतात, त्यांतले साधारण १० अकरावीचे आणि ४० बारावीचे. साहजिकच क्लासवाले अकरावी उरकून टाकतात आणि आपणही. मग एम-वन उघडावं तर समोर कॉम्प्लेक्स नंबर्स, म्हणजे नेमका अकरावीच्या भाग २ चा पहिला धडा. सर तो येतो असं धरूनच पुढे जातात.

माझी केटी याच धड्यात लागली, म्हणजे पेपर राहिला आणि पुन्हा द्यावा लागला, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. उणे एक अधिक रूट तीन आय ही संख्या घ्या. मॉड्युलस, म्हणजे शून्यापासूनचं अंतर, २, त्यात अडचण नाही. आर्ग्युमेंटसाठी, म्हणजे कोनासाठी, क्लासमध्ये पाठ केलेली युक्ती म्हणजे वाय भागिले एक्स (इथे रूट तीन भागिले उणे एक), त्याचा टॅन इन्व्हर्स. उत्तर येतं उणे ६० अंश. कॅल्क्युलेटरही तेच दाखवतो आणि तरीही ते चूक आहे. टॅन इन्व्हर्स फक्त उणे ९० ते ९० अंशांच्या मधलाच कोन देतो, म्हणजे त्याला पहिला आणि चौथा चरण तेवढाच ठाऊक. आपला बिंदू आहे दुसऱ्या चरणात. खरा कोन १२० अंश.

आता या संख्येचा घन काढा. डी मॉयव्हरच्या प्रमेयाने कोनाची तिप्पट करायची. १२० घेतले तर ३६० होतात, उत्तर ८. उणे ६० घेतले तर उणे १८०, उत्तर उणे ८. विश्वास बसत नसेल तर कंस सरळ तीनदा गुणून पाहा, ८ च येतं. सीईटीत चार पर्याय समोर असतात, एका प्रश्नाला दोन मिनिटंही नसतात, निगेटिव्ह मार्किंग नसतं, त्यामुळे असली गफलत झाकली जाते. एम-वनच्या पेपरात पर्याय नसतात. कोन चुकला की त्यावर बांधलेली सगळी मुळं चुकतात आणि पान भरूनही हाती काही लागत नाही. म्हणून आधी बिंदू काढायचा, चरण बघायचा आणि मगच कोन लिहायचा. प्रत्येक वेळी, गणित सोपं दिसलं तरी.

शॉर्टकट शिकवणाऱ्याबद्दल माझं मत कडक आहे. शॉर्टकट कुठे लागू पडत नाही हे जो सांगत नाही, त्याच्याकडे फी भरू नये. टॉपरच्या नोट्सपेक्षा केटी सोडवून पुढे गेलेला सीनिअर गाठा. कुठे पाय घसरतो हे त्याला ठाऊक असतं, आणि तो पेन तुमच्या हातात देतो.

घाबरू मात्र नका, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांनी. पहिले दोन आठवडे इंग्रजी शब्दांनी डोकं भणभणतं, नंतर चिन्हं तीच आहेत हे कळतं. हा धडा, मग लिमिट्स आणि डेरिव्हेटिव्ह, एवढं हाताने लिहून झालं तरी एम-वनमधलं पार्शियल डिफरन्सिएशन जड जात नाही. हाताने म्हणजे हाताने. लोकलमध्ये उभ्याने व्हिडिओ पाहून गणित येत नाही, तिथे फार तर सूत्रं उजळा. घरी जागा नसेल तर जवळची अभ्यासिका शोधा. सकाळी लवकर गेलात तर जागा मिळते.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचं दुखणं वेगळं. तुमच्या वाट्याला एम-वन येतच नाही, एकदम दुसऱ्या वर्षाच्या गणितातला लॅपलास ट्रान्सफॉर्म समोर उभा राहतो. तुम्ही आधी पार्शियल फ्रॅक्शन आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्स घोटा. इन्व्हर्स लॅपलासची कितीतरी गणितं तिथेच अडतात, आणि वर्गात त्यासाठी कुणी थांबत नाही.